नाव राखले, घराचे काय?

आपल्या जुन्या वाड्यांच्या कागदपत्रांत धन्याचे नाव असते. गवंडी-सुतारांचे बहुधा नसते. घर योजणाऱ्यास स्वतंत्र नाव आणि त्याबरोबर उत्तरदायित्व असावे, यासाठी झटणारी संस्था उभी राहिली ती मुंबईत. १९१७ च्या मे महिन्यात सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या माजी विद्यार्थ्यांनी वास्तुविद्येचा एक संघ स्थापिला. 'गेटवे ऑफ इंडिया'चा आराखडा करणारे जॉर्ज विटेट हे त्याचे पहिले अध्यक्ष. १९२२ मध्ये तो 'बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन' झाला आणि १९२९ मध्ये 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स'. याच संस्थेने १९३७ मध्ये मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरवून गृहस्थांपुढे नव्या घराचा नमुना ठेवला.

कायद्याचा आधार मात्र १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टने मिळाला. तोही नावापुरताच. नोंदणीवाचून 'आर्किटेक्ट' म्हणवून घेण्यास हा कायदा मज्जाव करतो, ते काम करण्यास नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

यातून आम्हांस एवढाच बोध होतो, की नाव कायदा राखील. घर राखणे धन्याच्या विवेकावरच उरते. इंदूर, ग्वाल्हेर वा बडोद्यास वाडा दुरुस्तीस काढताना वास्तुविशारदाची नोंदणी अवश्य पाहावी. आणि काम पुरे झाल्यावर त्याचे, तसेच गवंडी-सुतारांचेही नाव घराच्या कागदांत लिहून ठेवावे. पूर्वजांकडून राहून गेलेले तेवढे ऋण आपणांस फेडता येईल.