लाल बावटा कलापथक : गिरणगावच्या शाहिरीची वाटचाल

लोणावळ्याजवळील वळवण आणि शिरवता हे तलाव आज पावसाळी सहलीची ठिकाणे म्हणून ओळखले जातात. प्रत्यक्षात ते बांधले गेले मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी. मावळातील डोंगरांवर पडणारा पाऊस अडवून ते पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजकेंद्रात सोडण्याची टाटांची योजना १९१५ मध्ये पूर्ण झाली आणि परळ-लालबागचे माग सह्याद्रीच्या पाण्यावर चालू लागले. या पाण्याच्या आधीच, १८६३ मध्ये बोरघाटातून सुरू झालेल्या रेल्वेने देशावरची माणसेही मुंबईला नेण्यास प्रारंभ केला होता. सातारा, सांगली, कोल्हापूरचे गिरणी कामगार, मावळ-मुळशी-खेडचे डबेवाले, गोदीतील हमाल असा हा सारा घाटावरचा समाज. मुंबईकरांनी त्याला 'घाटी' असे नाव ठेवले, तेही या घाटावरूनच.

या माणसांनी शहरात जाताना आपली गाणीही बरोबर नेली. वळकटीबरोबर डफ गेला, तुणतुणे गेले, तमाशाचा वग गेला. गिरणगावच्या चाळींत आणि पटांगणांत ही कला पुढे कामगारांच्या लढ्याचे हत्यार बनली. तिला हे रूप देणारे पथक म्हणजे १९४४ मध्ये स्थापन झालेले 'लाल बावटा कलापथक'. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर हे त्याचे तीन आधारस्तंभ होत.

तीन शाहीर, तीन वाटा

अण्णाभाऊंचे मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. १ ऑगस्ट १९२० रोजी तत्कालीन सातारा जिल्ह्यातील (आताचा सांगली जिल्हा) वाळवा तालुक्यात वाटेगाव येथे मातंग कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांचे शालेय शिक्षण अवघ्या दीड दिवसाचे, असे सांगितले जाते. १९३०च्या दशकाच्या प्रारंभी हे कुटुंब पोटासाठी पायी चालत मुंबईस निघाले. रेल्वे होती, परंतु तिकिटाला पैसे नव्हते. मुंबईत पडेल ते काम करीत, दुकानांच्या पाट्या वाचत अण्णाभाऊ अक्षरे शिकले. त्यांनी गिरणीत काम केले आणि नातलग बापू साठे यांच्या तमाशात उभे राहून वगाचे तंत्रही आत्मसात केले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये त्यांचा कम्युनिस्ट चळवळीशी संबंध आला. दुसऱ्या महायुद्धात लाल सेनेने स्टालिनग्राडला दिलेल्या झुंजीवर त्यांनी पोवाडा रचला आणि कामगार वस्त्यांत त्यांचे नाव झाले. व्होल्गेकाठची लढाई मराठी पोवाड्याच्या चालीत गायची, ही कल्पनाच त्या काळी नवी होती.

अमर शेख बार्शीचे. मेहबूब हुसेन पटेल हे त्यांचे मूळ नाव. जन्म २० ऑक्टोबर १९१६. मोटारीवर क्लीनर, गिरणीत कामगार अशी कामे त्यांनी केली. संपात भाग घेतल्याबद्दल त्यांना तुरुंगवास घडला आणि चळवळीची दीक्षाही तेथूनच मिळाली. पुढे काही काळ ते कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या चित्रपटसंस्थेत होते. त्यांचा आवाज पहाडी होता. ध्वनिक्षेपक नसला, तरी मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत तो पोहोचे, असे त्यांना ऐकलेली पिढी सांगत असे. आचार्य अत्रे यांनी त्यांना 'महाराष्ट्राचा मायकोव्हस्की' म्हटले. ही तुलना थोडी दूरची आहे. मायकोव्हस्की छापील पानातून निघून व्यासपीठावर आला. अमर शेख व्यासपीठावर घडले आणि पुस्तकांकडे नंतर वळले. त्यांचा 'कलश' हा काव्यसंग्रह १९५८ मध्ये, तर 'धरतीमाता' १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

तिसरे शाहीर गव्हाणकर. कलापथकाच्या प्रत्येक उल्लेखात त्यांचे नाव येते आणि बहुधा तेथेच थांबते. अण्णाभाऊंना कादंबऱ्यांनी, अमर शेख यांना आवाजाने आणि चित्रपटांनी स्मरणात ठेवले. गव्हाणकरांचे कर्तृत्व मात्र फडावरचे होते आणि फड उठला की त्याची नोंद राहत नाही.

गण बदलला, गौळण गेली

पोवाडा ही महाराष्ट्राची जुनी प्रकृती. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा आणि तानाजी मालुसरे यांच्या पराक्रमावरचा तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा हे त्याचे आरंभीचे नमुने मानले जातात. त्यांत गायिलेले शूर हे मावळ खोऱ्यातील शेतकरीच होते. परंतु पोवाड्याचा नायक राजा किंवा सरदार असे. कलापथकाने हा संकेत मोडला. अमळनेरच्या गोळीबारात बळी पडलेले गिरणी कामगार, बंगालच्या दुष्काळात अन्नावाचून मेलेली माणसे, तेलंगणातील लढणारे शेतकरी हे त्यांच्या पोवाड्यांचे नायक झाले. मुख्य शाहिराच्या हाती डफ, मागे तुणतुणे आणि झांज घेतलेले झीलकरी, ही मांडणी मात्र त्यांनी जशीच्या तशी ठेवली. श्रोत्याला परके वाटावे असे त्यात काहीच नव्हते.

तमाशाच्या बाबतीत बदल अधिक मूलगामी होता. पारंपरिक तमाशा गण, गौळण, बतावणी आणि वग या क्रमाने रंगतो. गणात गणपतीला वंदन, गौळणीत कृष्ण, पेंद्या, मावशी आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी यांची थट्टामस्करी. अण्णाभाऊंनी गणात गणपतीच्या जागी मायभूमी, शिवराय आणि हुतात्म्यांना वंदन आणले. गौळण त्यांनी जवळजवळ वगळलीच. मावशीही गेली. वगाच्या कथानकात राजाराणीऐवजी सावकार, शेटजी, पुढारी, कामगार आणि कुळे आली. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन', 'लोकमंत्र्यांचा दौरा' ही त्यांच्या वगनाट्यांची नावेच पुरेशी बोलकी आहेत.

तमाशा हा शिष्ट समाजाने हिणकस ठरविलेला प्रकार होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात मोरारजी देसाई गृहमंत्री असताना त्यावर बंदीची कुऱ्हाड आली. तेव्हा अण्णाभाऊंनी या प्रयोगांना 'लोकनाट्य' म्हणण्यास सुरुवात केली. सोयीसाठी स्वीकारलेला हा शब्द पुढे मराठी रंगभूमीने सन्मानाने वापरला. ज्यांच्या अडचणीतून तो रुजला, त्यांचा उल्लेख मात्र त्याबरोबर क्वचितच होतो.

अण्णाभाऊंची 'मुंबईची लावणी' हे याच दृष्टीचे आणखी एक उदाहरण. पठ्ठे बापूरावांनीही मुंबईवर लावणी रचली होती. तीत शहराच्या वैभवाचे, नवलाईचे कौतुक होते. अण्णाभाऊंनी मलबार हिलच्या बंगल्यांसमोर परळची चाळ आणि झोपडी उभी केली. हे दोघेही वाळवा तालुक्याचेच, हा योगायोग गमतीचा म्हणावा लागेल.

बंदी, तुरुंग आणि पुन्हा फड

कलापथकाचे नाते कम्युनिस्ट पक्षाशी आणि १९४३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'इप्टा' या लोकनाट्य संघाशी होते. संपाच्या सभेत पुढाऱ्याच्या भाषणाआधी शाहीर उभे राहत. कित्येकदा गर्दी शाहिरांसाठीच जमे. पक्षाला याचा लाभ झाला, पण कलावंतांना त्याची किंमतही मोजावी लागली. १९४८ मध्ये पक्षाने सशस्त्र उठावाचे धोरण स्वीकारल्यावर सरकारने कारवाई सुरू केली. पुढारी तुरुंगात गेले वा भूमिगत झाले आणि कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली.

या पथकाला खऱ्या अर्थाने साऱ्या महाराष्ट्राचे केले ते संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटन परिसरात गोळीबार झाला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. त्यानंतरच्या चार वर्षांत शाहिरांना क्षणाची उसंत नव्हती. अत्रे यांचे वक्तृत्व आणि अमर शेख यांचा आवाज हे समितीच्या सभांचे मोठे आकर्षण होते. या काळात आत्माराम पाटील यांच्यासारखे अन्य शाहीरही तितक्याच जोमाने गात होते, हेही नोंदविले पाहिजे.

अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड याच आंदोलनातली. मुंबईत पोट भरायला आलेला कामगार गावी राहिलेल्या पत्नीची आठवण काढतो, अशी तिची रचना आहे. वरवर पाहता हे विरहगीत. परंतु ऐकणाऱ्याला कळे की गावी राहिलेली मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला बेळगाव, कारवार, निपाणीचा मुलूख. राजकीय मागणी इतक्या घरगुती दुःखात गुंफणारी दुसरी रचना त्या आंदोलनात सापडणे कठीण. गिरणगावातील बहुसंख्य श्रोत्यांची मैना खरोखरच गावाकडे होती. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. सीमाभागाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात अद्याप प्रलंबित असल्याने ही छक्कड बेळगावच्या मराठी मेळाव्यांना जुनी वाटत नाही.

दूरदेशीचे भाऊबंद

श्रमिकांच्या वस्तीतून निघालेले लोकसंगीत नव्या शहरी आवाजात गाण्याचा प्रयोग जगात अन्यत्रही झाला आहे. लंडनमध्ये १९८२ साली 'द पोग्ज' हा वाद्यवृंद उभा राहिला. शेन मॅकगोवन (१९५७–२०२३) या आयरिश वंशाच्या गायकाने स्थलांतरित मजुरांच्या लोकधुना पंक संगीताच्या धसमुसळ्या ठेक्यावर बसविल्या. अमेरिकेत बोस्टनजवळील क्विन्सी येथे १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'ड्रॉपकिक मर्फीज'ने हाच धागा कामगार संघटनांच्या गाण्यांशी जोडला. त्यांचे सर्वांत गाजलेले गीत वुडी गथ्री या अमेरिकन लोकशाहिराच्या अप्रकाशित शब्दांवर बेतलेले आहे. बॅगपाइप आणि बॅन्जोच्या जागी डफ आणि तुणतुणे ठेवले, तर नाते ध्यानी येते. फरक आहे तो बाजारपेठेचा. त्या मंडळींची गाणी ध्वनिमुद्रिकांवर आणि चित्रपटांत गेली. लाल बावट्याच्या शाहिरांचा बहुतेक संसार मैदानात झाला आणि त्यांतील फारच थोडे ध्वनिमुद्रित झाले. आज हाती आहेत ती प्रामुख्याने पुस्तकांतील शब्द. चाली पुढच्या पिढीने ऐकून-ऐकून टिकविल्या.

'पोग्ज' ज्या वर्षी उभे राहिले, त्याच वर्षी १८ जानेवारीला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. कलापथकाला ज्याने जन्म दिला, ते गिरणगाव त्या संपातून पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही.

एकाच पावसाळ्यात दोघे

राज्यस्थापनेनंतर पथक म्हणून एकत्र काम कमी होत गेले. अण्णाभाऊ कादंबरीकडे वळले होते. 'फकिरा' (१९५९) ला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत झालेल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनात, पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित-श्रमिकांच्या तळहातावर तरली आहे, असा विचार त्यांनी मांडला. त्याचे पडसाद पुढील दलित साहित्यात दीर्घकाळ उमटले. अमर शेख यांनी 'महात्मा फुले' (१९५४) आणि 'प्रपंच' (१९६१) या चित्रपटांत भूमिका केल्या. चीन आणि पाकिस्तानच्या आक्रमणाच्या वेळी ते लोकजागृतीसाठी पुन्हा डफ घेऊन फिरले.

कीर्तीच्या मानाने पैसा दोघांकडेही आला नाही. अण्णाभाऊंच्या अनेक कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, तरी त्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत गेली. दारिद्र्य, व्यसन आणि एकाकीपणा यांनी अखेरची वर्षे ग्रासली होती. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगाव येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे ४८. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्ट १९६९ रोजी, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले.

वारसा कोणाचा?

अण्णाभाऊंचे नाव आज मोठे आहे. २००२ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले, सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा बसला. पुण्यात सारसबागेजवळील त्यांच्या पुतळ्यापाशी दर १ ऑगस्टला मोठी गर्दी होते. मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेख यांच्या नावाचे अध्यासन आहे. मात्र एक गोष्ट खटकते. मातंग कुटुंबातील, मुस्लिम कुटुंबातील आणि त्यांच्या जोडीचा तिसरा असे तीन शाहीर एका डफाभोवती उभे राहिले होते. त्यांच्या जयंत्या मात्र आता वेगवेगळ्या मांडवांत साजऱ्या होतात. कलापथक म्हणून त्यांची एकत्रित आठवण दुर्मीळ झाली आहे.

गाण्याची परंपरा खंडित झालेली नाही. संप आणि झोपडपट्टीच्या प्रश्नांवर गाणारा 'आव्हान नाट्य मंच' मुंबईत पुढे आला. संभाजी भगत आणि विलास घोगरे त्यातूनच घडले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात झालेल्या गोळीबारानंतर चार दिवसांनी घोगरे यांनी आपले जीवन संपविले. पुण्यात २००२ मध्ये 'कबीर कला मंच' स्थापन झाला आणि त्याच्या कलावंतांनाही तुरुंगवास चुकला नाही. या सर्वांच्या कार्यक्रमांत अण्णाभाऊंची छक्कड आजही गायिली जाते. डफावर पहिली थाप पडली, की श्रोत्यांतील वयस्कर मंडळी झीलकऱ्यांच्या आधीच ध्रुपद धरतात.