काय काम करतोस?

दोस्तांनो, आपल्याकडे हा सवाल जात काढायला विचारतात. पिंगळीच्या स्टेशनावर परभणीकडून उतरा नाहीतर पूर्णेकडून, पारावरचा माणूस सरळ जात विचारणार नाही. कुणाकडचा? बाप काय काम करतो? एवढ्यात त्याचं भागतं.

हाच सवाल एका डॉक्टरनं औषधासाठी विचारला. कामगारांच्या रोगांच्या शास्त्राचा इतिहास त्याच्यापासून सांगतात, आणि तो आपल्याला शाळेत कुणी शिकवला नाही.

इटलीत मोदेना नावाचं शहर. तिथं बर्नार्दिनो रामाझिनी हा वैद्यकाचा प्राध्यापक होता. त्याच्या घरचा संडासाचा खड्डा उपसायला माणसं आली. आत उतरलेला एकजण जीव तोडून हात चालवत होता. रामाझिनीनं विचारलं, एवढी घाई कामून? माणसानं वर बघून सांगितलं, की चार तासांच्या वर इथं राहिलं तर डोळे जातात, आणि हे काम ज्यानं केलं नाही त्याला ते कळायचं नाही. तो वर आल्यावर रामाझिनीनं त्याचे डोळे तपासले. लालभडक, नजर मंदावलेली. इलाज काय करता? घरी जाऊन अंधारात पडतो, कोमट पाण्यानं डोळे धुतो. मग शहरातले आंधळे, अर्धे आंधळे भिकारी रामाझिनीच्या ध्यानात आले. त्यांनी हेच काम केलेलं होतं.

१७०० साली त्याचं पुस्तक छापून निघालं. खाणकामगार, कुंभार, धोबिणी, कातडं कमावणारे, सगळ्यांचे रोग त्यात आले. रोग्याला काय काय विचारावं हे जुन्या ग्रीक वैद्यांनी सांगून ठेवलं होतं. रामाझिनीनं त्यात एका सवालाची भर घातली : तू काम काय करतोस?

गड्यांनो, इथं जरा थांबा. प्राध्यापक काठावर उभा होता, आणि त्याला शिकवणारा खड्ड्यात होता. आपल्या देशात मैला उपसणारे हात पिढ्यान् पिढ्या राबले. शास्त्र लिहिणाऱ्या पंडितांचाही तोटा नव्हता. त्यांनी या माणसाची सावली कुठवर पडते ते मोजलं. त्याचे डोळे पाहिले नाहीत.

त्या खड्ड्यात काय असतं ते आज माहीत आहे. मैला कुजला की हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, डोळे चुरचुरतात. जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास गेला, म्हणजे धोका गेला असं माणसाला वाटतं आणि तो तिथंच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. ११ मे २०२३ ला आपल्याच परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा इथं, सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर असेच गुदमरून मेले. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा नवा कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. तारीख ध्यानात ठेवा. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना द्यायची भरपाई सुप्रीम कोर्टानं २०१४ ला दहा लाख ठरवली, २०२३ च्या ऑक्टोबरात तीस लाख केली. मेलेल्या माणसाचा भाव वाढला. जिता माणूस अजून उतरतोच आहे.

आता गिरणीचं घ्या. मी सूतगिरणीतच राबतो. जुन्या मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्याला कापड विणायच्या खात्यात घेत नसत. का? कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढावा लागे, आणि महाराची थुंकी लागली की सवर्ण विणकराला विटाळ. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपपुढाऱ्यांसमोर ठेवला आणि मागण्यांच्या यादीत घालायला लावला. आता गंमत बघा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं तोंडानं ओढायचा हाच धोटा १९११ साली कायद्यानं बंद केला होता, रोग पसरतो म्हणून. तिथं थुंकीत रोग दिसला, इथं जात दिसली.

विणायच्या खात्याचं दार बंद, पण कापसाच्या धुळीचं उघडं. ब्लोरूम आणि कार्डिंगमधली धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की बिसिनोसिस होतो. आपण बिडीला दोष देतो, दमा म्हणतो. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरणी कामगारांत डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी १९५० नंतरच्या वर्षांत हा रोग तपासला. त्यांचं मुख्य हत्यार पुन्हा एक सवालच : सुट्टीनंतर, सोमवारी कामावर आल्यावर छाती आवळते का? रोग आधी सोमवारीच धरतो, मग आठवडाभर, मग कायमचा. मुंबईत डॉ. व्ही. मुरलीधर आणि कार्यकर्ते विजय कान्हेरे यांनी एका गिरणीतला बिसिनोसिस तपासून १९९५ साली डॉक्टरांच्या मासिकात मांडला. कायद्याच्या परिशिष्टात हा रोग कामामुळे होणारा रोग म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे भरपाईचा हक्क कागदावर आहे. पण केसपेपरवर नाव, वय, गाव लिहितात. काम लिहीत नाहीत. काम लिहिलं नाही तर रोग कामाचा ठरणार कसा?

बाबासाहेब मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये झरियाच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. दिल्लीत बसून अहवाल वाचता आला असता. पण काम बघितल्याशिवाय मजुराचं दुखणं कळत नाही, हे त्यांना माहीत होतं.

तेव्हा नुसत्या घोषणा पुरे. वस्तीत वही घेऊन बसा. जिनिंगवर जाणारा, कपाशीवर फवारणी करणारा, गटारात उतरणारा, प्रत्येकाला विचारा : काय काम करतोस? किती वर्षं? कशाची धूळ, कशाचा वास? सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का? शेजारी राबणाऱ्यालाही तेच होतं का? तारीख घाला. आणि दवाखान्यात त्याच्यासोबत जा. डॉक्टर केसपेपरवर त्याचं काम लिहीत नाही तोवर टेबलापासून हलू नका.