शेवटच्या शिट्टीआधी: महाळुंगे-बालेवाडीचे मैदान आणि परतीची वाट

फुटबॉलचा सामना ९० मिनिटांचा असतो. खेळ थांबून जो वेळ वाया जातो, त्याची भरपाई म्हणून पंच शेवटी आणखी काही मिनिटे खेळवतो. तरीही ८०व्या मिनिटाच्या सुमारास जगातल्या बहुतेक मैदानांवर गॅलरीत चुळबुळ सुरू होते. कोणी पिशवी उचलतो, कोणी मुलाला कडेवर घेतो, आणि पायऱ्यांवरून उतरणाऱ्यांची एक रांग तयार होते. निकाल ठरला असे वाटणे हे एक कारण, पण ते एकमेव नाही. घरी कसे पोहोचायचे हा प्रश्नही तितकाच मोठा असतो. पुण्याजवळ मुळशी तालुक्यातील महाळुंगे आणि शेजारचे बालेवाडी यांच्या हद्दीवर उभ्या असलेल्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलाचा फुटबॉल-इतिहास पाहिला, तर हा दुसरा प्रश्न किती निर्णायक असतो ते कळते.

या सवयीची मुळे इंग्लंड-स्कॉटलंडमधील गिरणी-गोदी कामगारांच्या शनिवार दुपारपर्यंत जातात. तिथल्या अनेक मैदानांवर सामना संपायला पंधरा-वीस मिनिटे उरली की दरवाजे उघडले जात. लवकर निघणाऱ्यांची सोय व्हावी आणि शेवटची गर्दी थोडी विरळ व्हावी, हा त्यामागचा हेतू. त्याच उघड्या दारांतून तिकिटाचे पैसे नसलेली मुले आत शिरत आणि शेवटची काही मिनिटे फुकट पाहत. लवकर निघणे हा त्या काळी संघाशी केलेला द्रोह मानला जात नव्हता. मैदानाच्या व्यवस्थेत त्याला जागा ठेवलेली होती.

सामना नेमका कधी संपणार, हे प्रेक्षकाला पूर्वी कळतही नसे. ते फक्त पंचाच्या मनगटावरच्या घड्याळाला ठाऊक असे. वाढीव मिनिटांचा फलक दाखवण्याची पद्धत १९९८च्या विश्वचषकापासून सर्वदूर रुळली. त्यानंतर निघणाऱ्याला निदान आपण किती मिनिटे सोडून चाललो आहोत हे दिसू लागले. पण त्या मिनिटांत काय होईल हे फलक सांगत नाही. २६ मे १९९९ रोजी बार्सिलोनात चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिक १-० ने पुढे होते. चषक देण्यासाठी खाली उतरायचे म्हणून युरोपीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष लेनार्ट योहानसन आपली जागा सोडून निघाले. ते मैदानापाशी पोहोचेपर्यंत मँचेस्टर युनायटेडने भरपाई वेळेत दोन गोल करून सामना जिंकला होता. १३ मे २०१२ रोजी मँचेस्टर सिटीचे काही समर्थक निराश होऊन बाहेर पडले, आणि आतला जल्लोष ऐकून परत धावले. अग्वेरोच्या गोलने त्या दिवशी ४४ वर्षांनंतर संघाला लीगचे विजेतेपद मिळाले.

महाराष्ट्रात फुटबॉल पाहण्याची जुनी केंद्रे वस्तीच्या आत होती. मुंबईत १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स करंडक स्पर्धा पुढे कूपरेजच्या मैदानावर रंगली. चर्चगेट स्थानक तिथून चालत जाण्याइतके जवळ. एक लोकल चुकली तर दुसरी मिळत असे. पुण्यात लष्कर भागात पलटणींनी हा खेळ रुजवला. सेंट व्हिन्सेंटचे मैदान काय किंवा शिवाजीनगरचे एसएसपीएमएसचे मैदान काय, प्रेक्षक सायकलवर येत आणि सायकलवर जात. सामना लांबला तरी घर हाकेच्या अंतरावर असे.

कोल्हापूरचे उदाहरण याहून ठळक आहे. छत्रपती शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब हे संघ खेळतात. त्यांचे समर्थक शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा लगतच्या पेठांतून येतात. सामने दुपारी सुरू होऊन उजेड असतानाच संपतात. तालमीचा संघ म्हणजे पेठेची इभ्रत, आणि पेठ चालत दहा-पंधरा मिनिटांवर. अशा ठिकाणी ८०व्या मिनिटाला उठून जाण्याचे कारणच उरत नाही. तिथल्या पोलिसांपुढचा प्रश्न अगदी उलटा असतो: शिट्टीनंतर जमाव पांगवायचा कसा? कोल्हापूरकर जास्त निष्ठावान आणि पुणेकर कमी, असा निष्कर्ष यावरून काढणे अन्यायाचे ठरेल. दोन्हीकडचा प्रेक्षक आपापल्या रस्त्याचा हिशेब करत असतो.

महाळुंगे-बालेवाडीचे संकुल या परंपरेतून जन्मलेच नाही. ते १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारले गेले. एकाच जागी धावपट्टी, जलतरण तलाव, नेमबाजी, बॅडमिंटन, टेनिस आणि खेळाडूंची निवासस्थाने हवी होती, म्हणून मोठी सलग जमीन लागत होती. ती शहरात मिळणे शक्य नव्हते. मुळा नदीजवळच्या या भागात तेव्हा शेती होती. बालेवाडी आणि बाणेर पुणे महापालिकेत आले ते १९९७ साली. महाळुंगे तर २०२१ पर्यंत ग्रामपंचायतीच्याच कारभाराखाली राहिले. शिवाजीनगरपासून सुमारे बारा किलोमीटर दूर असलेली ही जागा आठवडाभराच्या क्रीडा महोत्सवासाठी योग्य होती. २००८च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा आणि २०१३ची आशियाई अजिंक्यपद ॲथलेटिक्स स्पर्धा तिथे चांगल्या रीतीने पार पडल्या. महोत्सवाला खास बस सोडल्या जातात, शाळांची मुले आणली जातात. दर आठवड्याला स्वतःच्या खर्चाने येणारा क्लबचा समर्थक हा मात्र वेगळा प्राणी आहे, आणि त्याचा विचार या मैदानाच्या आखणीत नव्हता. मुख्य मैदानाभोवती धावपट्टी असल्याने गॅलरी आणि खेळ यांत अंतर राहते. दूरच्या गोलपाशी काय चालले आहे ते मागच्या रांगेतून नीट दिसत नाही. ज्याला खेळ जवळून दिसत नाही, त्याला उठणे सोपे जाते.

तरीही तिथे समर्थक तयार झाले, ही गोष्ट कौतुकाने नोंदवली पाहिजे. अशोक पिरामल समूहाने २००७ साली पुणे एफसी हा क्लब काढला. २००९-१०च्या मोसमात तो आय-लीगमध्ये आला आणि पहिल्याच वर्षी तिसरा आला. २०१२-१३ मध्ये त्याने उपविजेतेपद मिळवले. २०१४-१५ मध्ये कल्याणी समूहाच्या भारत एफसीनेही हेच घरचे मैदान घेतले. पण २०१५ पर्यंत दोन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. पाठोपाठ आलेले डीएसके शिवाजियन्स दोन मोसम खेळून २०१७ साली गेले. हे सामने बरेचदा दुपारी, भर उन्हात आणि कामाच्या दिवशीही असत. येणारा प्रेक्षक मोजका, पण खेळाची जाण असलेला होता. तो लवकर उठला तर बहुधा संध्याकाळच्या शिकवणीसाठी किंवा पाळीसाठी.

२०१४च्या ऑक्टोबरात इंडियन सुपर लीगबरोबर एफसी पुणे सिटी आली आणि चित्र पालटले. डेव्हिड ट्रेझेगेसारखा विश्वविजेता खेळाडू इथे उतरला. नारिंगी जर्सीतली 'ऑरेंज आर्मी' ढोल घेऊन एका गॅलरीत उभी राहू लागली. सामने आता दिव्यांच्या प्रकाशात आणि दूरचित्रवाणीच्या सोयीने होत. पहिली वर्षे सात वाजता, तर २०१७-१८च्या मोसमात बहुतेक सामने रात्री आठ वाजता सुरू होत. म्हणजे शेवटची शिट्टी वाजेपर्यंत दहाच्या आसपास वेळ होई.

परतीच्या वाटेचा प्रश्न इथेच तीव्र झाला. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतून सुटणारी गर्दी, देहूरोड-कात्रज बाह्यवळणावरची अवजड वाहने आणि मैदानाकडे येणारे प्रेक्षक एकाच वेळी एकाच रस्त्यावर येत. त्यामुळे कित्येकांचा प्रवेशच सामना सुरू झाल्यावर होई. रात्री पीएमपीच्या फेऱ्या विरळ होत जात. रिक्षा मिळालीच तर चालक हाफ रिटर्न मागे. स्वतःची दुचाकी असणाऱ्यालाही पार्किंगमधून बाहेर पडण्याची रांग चुकवायची असे. हडपसरला किंवा कोंढव्याला राहणाऱ्या कुटुंबाने ८५व्या मिनिटाला उठणे याला खेळाचा अनादर म्हणता येत नाही. सकाळी मुलांची शाळा असते, आणि पाच मिनिटे आधी निघाल्याने घरी अर्धा तास लवकर पोहोचता येते.

अशा रीतीने उठलेल्यांचे काय हुकले याचे उत्तम उदाहरण २९ नोव्हेंबर २०१७ चे आहे. महाराष्ट्रातल्या दोन संघांची ती लढत होती. मुंबई सिटी बराच काळ एका गोलने पुढे होती. शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत उरुग्वेच्या एमिलियानो अल्फारोने पेनल्टीवर बरोबरी साधली, आणि भरपाई वेळेत दुसरा गोल करून पुण्याला २-१ असा विजय मिळवून दिला. त्या मोसमात संघ प्रथमच उपांत्य फेरीत गेला. ७ मार्च २०१८ रोजी बंगळुरूविरुद्धचा पहिला टप्पा बालेवाडीत गोलशून्य बरोबरीत सुटला आणि परतीच्या सामन्यात पुणे ३-१ ने हरले. २०१९ साली आर्थिक अडचणींमुळे क्लब बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. महाळुंग्याच्या गॅलरीत एका दशकात चार क्लबांचे समर्थक तयार झाले आणि चौघांचेही क्लब त्यांच्या आधी निघून गेले. प्रेक्षकांच्या निष्ठेची चर्चा करणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यायला हवा.

लवकर निघण्याच्या इतिहासाची एक गंभीर बाजू जिन्यांशी जोडलेली आहे. २ जानेवारी १९७१ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्स-सेल्टिक सामना संपताना एका जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ जण मरण पावले. शेवटच्या क्षणी रेंजर्सने बरोबरी साधली होती. लवकर निघालेले लोक गोलचा आवाज ऐकून मागे फिरले आणि वर-खाली जाणाऱ्यांची टक्कर झाली, असे तेव्हा सांगितले गेले. चौकशीत हे खरे ठरले नाही. सगळे एकाच दिशेने उतरत होते. जिना उताराचा होता आणि गर्दी त्याच्या आवाक्याबाहेरची होती. मृतांवरचा हा आरोप आजही अधूनमधून ऐकू येतो, म्हणून तो खोडणे आवश्यक आहे. या दुर्घटनेनंतर ब्रिटनमध्ये १९७५ साली क्रीडा मैदानांच्या सुरक्षेचा कायदा झाला. २० ऑक्टोबर १९८२ रोजी मॉस्कोच्या लुझनिकी मैदानावर कडाक्याच्या थंडीत स्पार्टाक-हार्लेम सामन्याच्या अखेरीस असाच प्रकार घडला. तिथल्या मृतांचा अधिकृत आकडाही ६६ आहे. बाहेर पडण्याच्या वाटा रुंद आणि सर्व बाजूंनी उघड्या असाव्यात, हा धडा जगभरच्या मैदानांनी मोठी किंमत देऊन घेतला.

महाळुंग्याच्या मैदानाने पाहिलेली सर्वांत नाट्यमय अखेर २०२२ सालची आहे. महिलांच्या आशियाई चषकाचे सामने मुंबई, नवी मुंबई आणि इथे झाले. ३० जानेवारीला उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाच्या जी सो-युनने अखेरच्या काही मिनिटांत मारलेल्या फटक्याने बलाढ्य ऑस्ट्रेलिया स्पर्धेबाहेर गेली. ३ फेब्रुवारीच्या उपांत्य सामन्यात गतविजेता जपान जादा वेळेत २-१ ने पुढे होता. ११९व्या मिनिटाला वांग शानशानने चीनसाठी बरोबरीचा गोल केला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये चीन ४-३ ने जिंकला. तीन दिवसांनी नवी मुंबईत अंतिम सामन्यात मध्यंतराला ०-२ ने मागे असलेल्या याच संघाने कोरियाला भरपाई वेळेतील गोलने ३-२ असे हरवले. करोनाच्या निर्बंधांमुळे स्पर्धा बंद दाराआड झाली. त्यामुळे बालेवाडीतील त्या ११९व्या मिनिटाला लवकर निघायला किंवा थांबायला गॅलरीत सामान्य प्रेक्षक नव्हताच.

मैदानाभोवतीचा परिसर आता ओळखू येणार नाही इतका बदलला आहे. जिथे शेते होती तिथे उंच इमारती आहेत. ३० जून २०२१ च्या निर्णयाने महाळुंगे पुणे महापालिकेत आले. बालेवाडी, बाणेर, वाकड आणि महाळुंगे इथे हजारो कुटुंबे राहायला आली आहेत. मैदान आता त्यांच्यापैकी अनेकांच्या घरापासून जवळ आहे, जसे शाहू स्टेडियम पेठांपासून. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाच्या आराखड्यात 'बालेवाडी स्टेडियम' नावाचे स्थानकही आहे. १९९४ साली ज्या गोष्टींचा अभाव होता, त्या लगतची वस्ती आणि रेल्वे या दोन्हींची आता सोय होत आहे. एफसी पुणे सिटी बंद झाल्यापासून उणीव आहे ती देशाच्या वरच्या साखळीत खेळणाऱ्या संघाची.