रान
रान : विल्यम शेक्सपिअरच्या किंग लिअर या शोकांतिकेवर आधारलेला जपानी ऐतिहासिक चित्रपट (१९८५). दिग्दर्शक अकिरा कुरोसावा (पहा : कुरोसावा, अकिरा). जपान व फ्रान्स यांची ही संयुक्त निर्मिती १६२ मिनिटांची आहे.

मूळ कल्पना सोळाव्या शतकातील सरदार मोरी मोतोनारी व त्याचे तीन मुलगे यांच्या आख्यायिकेवरून सुचली. लिअरचे कथानक तिच्यात नंतर मिसळले. लिअरच्या मुलींच्या जागी येथे वृद्ध हिदेतोराचे (तात्सुया नाकादाई) तारो, जिरो व साबुरो हे मुलगे आहेत. हिदेतोराचा रक्तरंजित भूतकाळ हा नाटकाहून ठळक फरक होय : त्याने नष्ट केलेल्या घराण्यातून आलेली त्याची सून काएदे सूड उगवते.

तीन भावांच्या सैन्यांना अनुक्रमे पिवळा, तांबडा व निळा रंग दिला आहे. हिदेतोराच्या रंगभूषेवर नो नाट्याची छाप दिसते (पहा : नो नाट्य). तिसऱ्या किल्ल्यावरील हल्ल्यात रणातले सर्व आवाज काढून केवळ तोरू ताकेमित्सूचे संगीत ठेवले आहे. तारोला लागलेल्या गोळीच्या आवाजासरशी कोलाहल परत येतो.

याच प्रसंगाची प्रेक्षक सर्वाधिक वाखाणणी करतात. मतभेद आहेत ते संथ गतीविषयी आणि दुरून घेतलेल्या दृश्यांविषयी. काहींना या अंतरामुळे पात्रांचे दुःख भिडत नाही. इतरांना त्यातच मानवी संहाराकडे वरून पाहणारी हताश दृष्टी जाणवते, आणि चित्रपटाचा शेवट या दुसऱ्या वाचनाला बळ देतो.

वेशभूषेसाठी एमी वाडा यांना ऑस्कर मिळाले. लिअरशी नाते सांगणारी मराठी कृती म्हणजे वि. वा. शिरवाडकरांचे नाटक (पहा : नटसम्राट).