सर्वांसाठीची पट्टी

बडोद्यातल्या जुन्या वाड्यांवर, तिथल्या झोपाळ्यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहून झालंय. दांडिया बाजार, रावपुरा सोडून आमची पिढी फ्लॅटमध्ये गेली, त्या इमारतीही आता चाळिशी ओलांडून गेल्या. त्यांच्या इतिहासाचा एक तुकडा जिन्याजवळच्या बंद कपाटात असतो. तो सहसा कुणी उघडत नाही.

वाड्यातलं वायरिंग आठवतं ना? लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली वायर, काळे गोल स्विच, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. फ्यूज उडाला की स्टुलावर चढून तार बदलायची, काम झालं. उंच इमारतीत प्रत्येक मजल्यासाठी वेगळी जाड केबल ओढण्याऐवजी पत्र्याच्या लांब पेटीत धातूच्या पट्ट्या उभ्या बसवल्या आणि मजल्यामजल्यावर त्यातून वीज काढून घेतली. हा बसबार. शब्द लॅटिनमधल्या ‘ऑम्निबस’वरून आला, अर्थ ‘सर्वांसाठी’. रस्त्यावर धावते ती बसही त्यातलीच! पेटीतल्या पट्ट्यांची ही पद्धत १९३० च्या सुमारास अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत रुजली. यंत्राची जागा बदलली की नवं वायरिंग नको, पट्टीवरचा जोड काढून दुसरीकडे लावायचा.

आमची इमारत १९७९ ची, तळमजला अधिक सहा. पट्ट्या अॅल्युमिनियमच्या. तेव्हा तांबं बाहेरून आणावं लागे आणि परकीय चलनाची चणचण, म्हणून त्या काळात अॅल्युमिनियमच सगळीकडे वापरलं गेलं. तांब्याच्या मानाने त्याची वहनक्षमता साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणून पट्टी जाड घेतात. त्याने भागतं. दुखणं असतं ते सांध्यांचं. हवा लागली की अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसतो, तो विजेला अडवतो. शिवाय रोजचं तापणं-निवणं, त्यात बोल्ट सैल होतो आणि सैल सांधा आणखी तापतो.

त्यात भार वाढला. तेव्हा घरात चार पंखे, चार ट्यूबलाइट, फार तर एक फ्रिज, म्हणजे सगळं मिळून किलोवॉटच्या आतबाहेर. आज नुसता गीझर दोन किलोवॉटचा, वर दोन एसी. प्रवाह दुप्पट झाला की सांध्यातली उष्णता चौपट होते. हे सरळव्याज नव्हे, हे आम्हा बँकवाल्यांना चटकन कळतं.

तिसऱ्या मजल्यावर जळका वास यायला लागला तेव्हा मी सोसायटीचा खजिनदार होतो. मिस्त्रीने पुरवठा बंद करून पेटी उघडली, तर पट्टी धरून ठेवणारा बेकेलाइटचा आधार काळा पडलेला. बनवणाऱ्या कंपनीने तो माल कधीच बंद केला होता. दुसऱ्या कंपनीची पेटी बसेना, कारण पट्ट्यांमधलं अंतरच वेगळं. मिस्त्री म्हणाला, “साहेब, भंगारात शोधून लावून देतो.” दुसरा पर्याय म्हणजे सगळं काढून मजल्यागणिक आर्मर्ड केबल. त्याचा खर्च पहिल्याच्या बराच वर.

सभा दोन तास चालली. तळमजल्याचे काका म्हणाले, “माझी वीज वर चढतच नाही, मी का द्यायचं?” वर बहुतेक पेन्शनर, त्यांचाही हात आखडताच. पण भंगारातला आधारही तितकाच जुना, आणि सांधे तर सगळ्याच मजल्यांवर होते. शिवाय ही पेटी ज्या पोकळीतून जाते ती आगीच्या वेळी धुराड्यासारखी वागते, आणि ती पोकळी जिन्याला लागूनच. लिफ्ट बंद पडली तर सहाव्या मजल्यावरच्या आजींना उतरायला तोच एक जिना! हे बोलल्यावर काका गप्प झाले. खर्च सर्वांनी सारखा वाटून घ्यायचा ठरलं. माझ्या मते दुरुस्तीचा तो स्वस्त आकडा स्वस्त नव्हताच, वर्षभरात पुन्हा तेच निघालं असतं.

काम नऊ दिवस चाललं, एकेक मजला तात्पुरत्या जोडणीवर ठेवून. मेगरने इन्शुलेशन तपासलं, प्रत्येक स्लॅबमधलं भोक आग रोखणाऱ्या मालाने बुजवलं. कंत्राटदार हे शेवटचं काम टाळू बघत होता. ते होईपर्यंत मी त्याचं अखेरचं बिल सोडलं नाही. जुन्या पट्ट्या वजनावर विकल्या. आलेली रक्कम दुरुस्ती फंडात जमा केली, आणि पावती काकांनी मागून घेऊन स्वतः तपासली.