चाळीस दिवसांचे बंदर

२७ जुलै १३७७ रोजी एड्रियाटिक समुद्राकाठच्या रगुसा या छोट्या प्रजासत्ताकाच्या महासभेने एक ठराव केला. प्लेगची लागण झालेल्या मुलखातून येणाऱ्या कोणालाही थेट शहरात प्रवेश मिळणार नाही. त्याने आधी जवळच्या मर्कान या निर्जन बेटावर किंवा शेजारच्या त्सावतात गावी एक महिना काढावा, असे त्यात म्हटले होते. रगुसा म्हणजे आजच्या क्रोएशियातील दुब्रॉव्हनिक. २०२० साली ‘क्वारंटाइन’ हा शब्द आपल्या खेडोपाडी पोचला, परतलेल्यांच्या हातांवर शिक्के उमटले आणि गावच्या शाळा चाकरमान्यांच्या मुक्कामाच्या जागा झाल्या. त्या व्यवस्थेचा ज्ञात असा सर्वांत जुना कायदा म्हणून या ठरावाकडे पाहिले जाते.

व्हेनिस ते मार्सेय अशी सागरी सफर करताना या ठरावाने माझा पिच्छा पुरवला. ऐतिहासिक बंदरांची निवांत सफर, असे तिचे वर्णन माहितीपत्रकात होते. बंदरे ऐतिहासिक होतीच. निवांतपणा मात्र सगळा जहाजावर होता. बंदरात उतरायचे ते सात-आठ तासांसाठी. सकाळी धक्क्याला लागायचे, तटबंदी आणि चर्च पाहायचे, आणि सूर्य कलायच्या आत परतायचे. या धावपळीत मनात आले, की ज्या शहरांमध्ये आम्ही तासांच्या हिशेबाने वावरतो आहोत, तिथे एके काळी माणसे आठवडेच्या आठवडे नुसती थांबून राहत. ती का थांबत, आणि त्या थांबण्याची किंमत कोण मोजत असे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर रगुसाच्या भूगोलात आहे. प्लेगच्या भीतीने वेशी बंद करणे युरोपातल्या शहरांना नवे नव्हते. पण रगुसाला ते परवडणारे नव्हते. मागे उघडाबोडका डोंगर, पुढे समुद्र. शहराला पुरेल एवढे धान्यही तिथे पिकत नसे. व्यापार थांबला तर उपासमार आणि व्यापार चालू ठेवला तर मरी, अशा कात्रीत सापडलेल्या व्यापाऱ्यांनी मधला मार्ग काढला. दार बंद करायचे नाही, फक्त उशिरा उघडायचे. क्वारंटाइन हा वैद्यांपेक्षा व्यापाऱ्यांचा शोध आहे, असे मला वाटते ते यामुळे. आजाराचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. पण काळ हीच एक चाळणी आहे, हे त्यांनी ओळखले.

पुढे या एका महिन्याचे चाळीस दिवस झाले. इटालियन भाषेत चाळीस म्हणजे ‘क्वारांता’, त्यावरून क्वारंटाइन. चाळीसच का, याचे उत्तर काहीजण बायबलमधल्या चाळीस दिवसांच्या उपवासात शोधतात. बाळंतिणीचा सव्वा महिना पाळणाऱ्या आपल्या समाजाला हा आकडा परका वाटू नये. शरीर आणि संसार पुन्हा शुद्ध व्हायला साधारण एवढा अवधी लागतो, अशी समजूत अनेक संस्कृतींत दिसते.

या कल्पनेला दगडविटांचे रूप दिले ते व्हेनिसने. १४२३ साली तिथल्या खाडीतील एका बेटावर प्लेगच्या रुग्णांसाठी कायमस्वरूपी रुग्णालय उभे राहिले. त्या बेटावरच्या सांता मारिया दी नाझरेत या मठाचे नाव आणि बायबलमधल्या लाझारसचे नाव यांच्या मिश्रणातून ‘लाझारेत्तो’ हा शब्द आला, असे मानतात. १४६८ मध्ये दुसऱ्या बेटावर नवे लाझारेत्तो उभारण्याचे ठरले. ते आजाऱ्यांसाठी नव्हते. संशयित जहाजांवरची माणसे आणि माल यांच्यासाठी होते. जहाजात चढण्यापूर्वी मी हे दुसरे बेट पाहिले. माल ठेवण्याच्या तिथल्या प्रचंड कोठाराच्या भिंतींवर सोळाव्या शतकातले लेखन अजून दिसते. जहाजे कुठून आली त्या ठिकाणांची नावे, व्यापाऱ्यांच्या खुणा, तारखा. दिवस मोजणाऱ्या माणसांनी केलेली ती नोंदवही आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही याच भिंतींपाशी मिळते. व्यापारी थांबत, पण ते स्वतंत्र खोलीत, स्वतःच्या खर्चाने. मालाला मात्र हवा द्यावी लागे. लोकर, कापूस, कापड यांच्या गासड्या फोडायच्या, त्यांत उघडे हात घालून माल वरखाली करायचा, तो धुरी देऊन पुन्हा बांधायचा. पत्रेसुद्धा धुरी देऊन आणि व्हिनेगर लावून पुढे जात. हे काम हमालांचे. गासडीत रोग असेल तर तो आधी त्यांच्या अंगात शिरे. हमाल जिवंत राहिला तर माल निर्धोक, असाच याचा अर्थ होता.

ही व्यवस्था अचूक नव्हती. १५७५ ते १५७७ या काळातल्या साथीत व्हेनिसमध्ये सुमारे पन्नास हजार माणसे दगावली. त्या संकटातून सुटका झाल्याबद्दल बांधलेले रेदेन्तोरे चर्च आणि १६३०च्या साथीनंतर बांधलेले सालूते चर्च, ही दोन्ही जुदेक्का कालव्याच्या काठी उभी आहेत. अगदी अलीकडेपर्यंत शहराहून उंच क्रूझ जहाजे याच कालव्यातून जात. पाण्याला आणि पायांना बसणारे हादरे, माणसांचे लोंढे यांवर बरीच वर्षे वाद झाला आणि १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना तिथे बंदी आली. आता ती शहरापासून दूर, मार्घेरासारख्या औद्योगिक धक्क्यांवर लागतात. दुब्रॉव्हनिकनेही जहाजांच्या संख्येवर मर्यादा घातली आहे. कोणाला किती वेळाने आत घ्यायचे हा जुना प्रश्न या शहरांपुढे पुन्हा उभा आहे. फरक एवढाच, की आता भीती रोगाची नसून गर्दीची आहे.

थांबण्याचा नियम मोडला तर काय होते, हे आमच्या सफरीच्या शेवटच्या बंदराने दाखवले. २५ मे १७२० रोजी ‘ग्राँ सँ-आंत्वान’ हे जहाज पूर्वेकडचा माल घेऊन मार्सेयला आले. वाटेत त्यावर अनेक मृत्यू झाले होते. अशा जहाजाने दूरच्या बेटावर थांबावे असा नियम होता. पण बोकेरची जत्रा तोंडावर आली होती, जहाजात किमती कापड होते, आणि मालाच्या मालकांत नगराच्या कारभाऱ्यांपैकी एक जण होता. नियम सैल झाला आणि माल शहरालगतच्या विलगीकरण गृहात उतरला. तिथे गासड्या उघडणारे हमाल आधी मेले; मग शहर. सुमारे नव्वद हजार वस्तीच्या मार्सेयमधली निम्मी माणसे त्या साथीत गेली. जहाजाचा कप्तान तुरुंगात पडला. जहाज जाळले गेले.

प्लेग कसा पसरतो हे कळायला आणखी पावणेदोनशे वर्षे जावी लागली, आणि त्या शोधाची वाट आपल्या बंदरांवरून गेली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या गोदीजवळच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. युरोपीय सरकारे घाबरली. भारतीय माल आणि मुंबईहून निघणारे हज यात्रेकरू यांच्यावर निर्बंध घालण्याची मागणी होऊ लागली. यावर विचार करायला आंतरराष्ट्रीय स्वच्छता परिषद भरली ती व्हेनिसलाच, १६ फेब्रुवारी १८९७ रोजी. त्याआधी बाराच दिवस, ४ फेब्रुवारीला, भारतात साथरोग कायदा मंजूर झाला होता. जहाजे अडवण्याचे, घरे तपासण्याचे, माणसे छावण्यांत नेण्याचे अधिकार त्यातून सरकारला मिळाले. १२३ वर्षांनी करोनाच्या साथीत सरकारांनी हाच कायदा पुन्हा बाहेर काढला.

व्हेनिसमध्ये मुत्सद्दी मसुद्यावर खल करीत होते तेव्हा पुण्याजवळ सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या आणि स्वतः त्या रोगाला बळी पडल्या. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. व्हेनिसच्या करारावर सह्या झाल्या त्या १९ मार्चला. या दोन तारखा मी आजवर एकत्र वाचलेल्या नव्हत्या. एकीकडे रोगी दूर ठेवण्याचे शास्त्र होते; दुसरीकडे रोग्याला उचलून घेण्याचे धाडस. समाजाला दोन्ही लागतात, पण पहिल्याचे करार होतात आणि दुसरे एखाद्याच्या पाठीवर पडते.

पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने कराचीत उंदरांवरच्या पिसवांकडे बोट दाखवले. पाच शतके माणसे चाळीस दिवस मोजत बसली होती. उंदरांनी मात्र त्या अवधीची पर्वा कधीच केली नव्हती.

आमच्या मजल्यावर खोल्यांची व्यवस्था पाहणारा तरुण वेंगुर्ल्याचा होता. मराठी ऐकून थांबला, बोलू लागला. २०२० साली तो दुसऱ्या एका जहाजावर होता. “पाहुणे थोड्या दिवसांत घरी पोचले, काका,” तो म्हणाला, “आम्ही मात्र बोटीवरच. जून उजाडला तरी किनारा दिसायचा, उतरता यायचं नाही.” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती; पगार कधी थांबला तो महिना तेवढा त्याला नेमका आठवत होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत योकोहामाला अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वर ३,७११ माणसे होती आणि त्यांतल्या ७१२ जणांना लागण झाली. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद होते. त्यांच्या दारापर्यंत जेवण नेणाऱ्या कर्मचाऱ्यांत शंभराहून अधिक भारतीय होते. पुढच्या काही महिन्यांत जगभरचे लाखो खलाशी मुदत संपूनही जहाजांवरच अडकून राहिले.

लाझारेत्तोच्या व्यवस्थेत बदल झाले, औषधे आली, पिसवा सापडल्या. पण गासडी कोणी उघडायची या प्रश्नाचे उत्तर १४२३ पासून फारसे बदललेले नाही. थांबण्याचे नियम सभागृहांत ठरतात आणि ते ठरायलाच हवेत. मार्सेयचा अनुभव तेच सांगतो. पण रगुसाच्या ठरावात दिवस मोजले होते, हात मोजले नव्हते. पुढची साथ कोणत्या बंदरातून येईल हे आज कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा किती दिवस थांबायचे हे सांगणारे तज्ज्ञ आपल्याकडे असतील. त्या दिवसांत काम कोणाला करावे लागेल आणि त्याच्या घरी पैसे कोण पोचवील, हे मात्र आधीच लिहून ठेवायला हवे.