डिझेल इंजिनातील वंगणतेलाचा अतिवापर

डिझेल इंजिनातील वंगणतेलाचा अतिवापर म्हणजे पिकअपसारख्या वाहनाच्या इंजिनातील तेल नेहमीपेक्षा लवकर कमी होणे. बोलीभाषेत याला 'इंजिन ऑइल खाते' असे म्हणतात. थोडे तेल प्रत्येक इंजिनात जळते. म्हणून निदानाचा आरंभ मोजमापाने होतो. वाहन सपाट जागी उभे करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिकवरील पातळी पाहतात आणि १,००० किमी अंतरात किती तेल भरावे लागले याची नोंद ठेवतात.

निदान

तेल बाहेर गळते की आत जळते, हे प्रथम ठरवले जाते. गळतीसाठी गॅस्केट, ऑइल सील व टर्बोचार्जरच्या तेलनलिका तपासतात. निळसर धूर हे तेल जळण्याचे लक्षण होय. भार असताना सतत धूर येत असल्यास पिस्टन रिंग किंवा लायनर झिजल्याची शक्यता असते. कॉम्प्रेशन चाचणीने तिची पडताळणी करतात. इंजिन बराच वेळ आयडलिंगवर राहून वेग देताच धूर आल्यास व्हॉल्व्ह सीलवर संशय जातो. इंटरकूलरच्या नळीत बरेच तेल साचले असल्यास टर्बोचार्जर किंवा क्रँककेस ब्रीदर सदोष असू शकतो. ब्रीदर तुंबल्यास क्रँककेसमधील दाब वाढून सुस्थितीतील इंजिनही तेल गमावते. त्यामुळे खर्चिक दुरुस्तीसाठी इंजिन उघडण्यापूर्वी ब्रीदर तपासणे आवश्यक ठरते.

धोका

टर्बोचार्जरमधून हवामार्गात शिरलेले तेल इंधनासारखे जळून इंजिन अनियंत्रित वेगाने फिरू शकते. अशा वेळी चावी बंद करूनही ते थांबत नाही. हवेचा पुरवठा तोडावा लागतो.